मुखपृष्ठावरील जोडपें

गेल्या महिन्यांत आमच्या घरांत एका चित्रावरून बरेंच रामायण झालें. या सदराच्या नेहमींच्या वाचकांस आमचें घर आतां परिचयाचें झालें आहे. आम्ही लहानथोर अठरा माणसें एका छपराखालीं राहतों, आणि त्यामुळें भिंतीवर एक खिळा ठोकावयाचा म्हटला तरी त्यास अठरा मतें पडतात. येथें तर खिळ्यापेक्षां त्यास टांगावयाचें चित्रच अधिक वादाचें होतें.

माझ्या कैलासवासी थोरल्या बंधूंची नात पुण्यास राहून छायाचित्रणाचा अभ्यास करते. तिचा मामा न्यू जर्सीस असतो. त्यानें तेथील जुन्या वस्तूंच्या एका विक्रींत मिळालेला एक अंक तिला वाढदिवसाची भेट म्हणून धाडला. अंक अमेरिकेंतील ‘रोलिंग स्टोन’ या संगीतविषयक नियतकालिकाचा, तारीख २२ जानेवारी १९८१. कागद पिवळट झालेला, कडा झिजलेल्या. पोरीनें तो कांचेच्या चौकटींत बसवून आणला आणि सुटीस घरीं आल्याबरोबर माजघरांत, पोथ्यांच्या फडताळाशेजारीं, हातोडी घेऊन उभी राहिली.

मुखपृष्ठावर काय आहे तें सांगितलें पाहिजे. फिकट रंगाच्या गालिच्यावर एक स्त्री उताणी निजली आहे. ती नखशिखांत कपड्यांत आहे, काळे केंस डोक्याभोंवतीं पसरले आहेत, दृष्टि दुसरीकडेच कोठें तरी लागली आहे. तिला एक पुरुष कुशीवर वळून, पाय मुडपून, लहान मुलासारखा बिलगला आहे. त्याचे डोळे मिटलेले, ओठ तिच्या गालावर, आणि अंगावर सूतभरही वस्त्र नाहीं. नियतकालिकाच्या नांवाखेरीज पानावर दुसरा मथळा नाहीं.

आमच्या सौभाग्यवतींनीं चित्र पाहिलें, पदर तोंडाला लावला आणि स्वयंपाकघरांतूनच विचारलें, “अहो, तुम्ही कांहीं बोलणार आहांत कीं नाहीं?” चिरंजीव म्हणाले, हें चित्र जगप्रसिद्ध आहे. सूनबाई म्हणाल्या, प्रसिद्ध असेल, पण दुपारीं भजनी मंडळाच्या बायका येतात. नात म्हणाली, “आजोबा, तुम्हीच सांगा. पण आधीं समजून घ्या, मग सांगा.” माझ्या थोरल्या वहिनी तेवढ्या कांहींच बोलल्या नाहींत. त्या ओटीवर वाती वळीत होत्या, आणि चित्राकडे त्यांची पाठ होती.

चौतीस वर्षें मास्तरकी केली, तींत उत्तरपत्रिका न वाचतां गुण दिल्याचें स्मरत नाहीं. नातीनें चार पुस्तकें आणून दिलीं तीं आठ दिवस वाचलीं. जें हातीं लागलें तें असें.

हा पुरुष म्हणजे जॉन लेनन. इंग्लंडांतील लिव्हरपूल बंदरचा. बीटल्स या चौघां गाणाऱ्यांच्या मेळ्याचा तो संस्थापक. त्यांच्या नांवानें त्या काळीं विलायतेंत आणि अमेरिकेंत तरुण मुलेंमुली रस्त्यावर रडत आणि मूर्च्छित पडत. आमच्या पिढीस हे लोक ठाऊक झाले ते मुख्यतः १९६८ सालीं ऋषिकेशास महर्षि महेश योगींच्या आश्रमांत ध्यान शिकावयास आले होते म्हणून; आणि त्याच वर्षाच्या जानेवारींत त्यांच्यांतील जॉर्ज हॅरिसन मुंबईंत येऊन एच्. एम्. व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत आपल्याकडील वादकांना घेऊन कांहीं संगीत मुद्रित करून गेला होता. असो. लेननचा जन्म १९४० चा. बाप खलाशी, घरीं फारसा नसेच. आईनें मुलगा आपल्या बहिणीच्या स्वाधीन केला, मावशीनें वाढविला. आई पुढें जवळच राहत असे आणि मुलगा मोठा झाल्यावर तिचें त्याचें येणेंजाणें वाढूं लागलें होतें. एवढ्यांत, १९५८ च्या जुलैंत, मावशीच्या घरून परत निघालेली आई रस्ता ओलांडतांना मोटारीखालीं सांपडून गेली. पोर सतरा वर्षांचें. हें वाचल्यावर तें मुडपलेले पाय मला निराळे दिसूं लागले, हें येथें नमूद करतों.

आतां या नियतकालिकाविषयीं. तें १९६७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें निघालें. काढणारा यान वेनर हा एकवीस वर्षांचा, महाविद्यालय अर्धें टाकलेला तरुण. त्याचा भागीदार राल्फ ग्लीसन हा मात्र पन्नाशीचा, वृत्तपत्रांत संगीतावर लिहिणारा जुना जाणता. भांडवल साडेसात हजार डॉलर, तेंही घरच्यांकडून आणि भावी सासुरवाडीकडून उसनवारीनें जमविलेलें. आपल्याकडील मासिकांच्या जन्मकथा ज्यांनीं ऐकल्या आहेत त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. मासिकें सर्वत्र सासऱ्याच्या पैशावरच निघतात कीं काय, असा मला कधीं कधीं संशय येतो. पहिला अंक ९ नोव्हेंबर १९६७ चा, वृत्तपत्राच्या साध्या कागदावर, किंमत पंचवीस सेंट. आणि त्या पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर हाच लेनन होता. तें चित्र एका बोलपटांतील. युद्धाची थट्टा करणाऱ्या त्या बोलपटांत त्यानें सोजिराचें काम केलें होतें. डोक्याला जाळीचें शिरस्त्राण, डोळ्यांना वाटोळा चष्मा. ती भूमिका संपली, पण चष्मा त्यानें सोडला नाहीं. पुढें जगानें त्यास त्या चष्म्यावरूनच ओळखलें.

दुसरी लक्षांत ठेवण्याजोगी व्यक्ति म्हणजे हें छायाचित्र घेणारी बाई, अ‍ॅनी लीबोविट्झ. १९७० सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, ही मुलगी त्या नियतकालिकासाठीं लेननचीं छायाचित्रें घ्यावयास न्यूयॉर्कास गेली. तीं चित्रें १९७१ च्या जानेवारींत छापलीं गेलीं आणि तिचें नांव झालें. दहा वर्षांनीं, ८ डिसेंबर १९८० रोजीं, तीच बाई त्याच माणसाचे फोटो घेण्यासाठीं पुन्हां त्याच्या दारीं आली.

मधल्या दहा वर्षांत पुष्कळ घडलें होतें. बीटल्सचा मेळा त्यापूर्वींच मोडला होता. लेननचें पहिलें लग्न त्याआधींच मोडलें होतें आणि १९६९ सालीं त्यानें योको ओनो या जपानी स्त्रीशीं विवाह केला होता. ती त्याच्याहून सात वर्षांनीं मोठी, स्वतः चित्रकार आणि कवयित्री. मेळा हिनेंच मोडला, असा लोकापवाद तिच्या माथीं आला आणि तो वर्षानुवर्षें गेला नाहीं. परक्या देशची, परक्या वर्णाची, वयानें मोठी सून. तिच्यावर काय काय बोललें गेलें असेल याची कल्पना एकत्र कुटुंबांतील स्त्रियांस मीं करून द्यावयास नको. १९७५ सालीं त्यांना मुलगा झाला, तोही बापाच्याच वाढदिवशीं. त्यानंतर पांच वर्षें या माणसानें गाणें बाजूस ठेवलें. बायको व्यवहार पाही, आणि हा घरीं मूल सांभाळी, पाव भाजी. हें मीं मोठ्यानें वाचून दाखविलें तेव्हां सूनबाईंचें मत थोडें निवळल्यासारखें वाटलें.

१९८० च्या नोव्हेंबरांत दोघांनीं मिळून केलेली गाण्यांची तबकडी निघाली. तिच्या वेष्टणावर दोघांचें चुंबन घेतांनाचें चित्र आहे. छायाचित्रकर्त्री बाईच्या मनांत तें होतें. नियतकालिकास मुखपृष्ठावर लेनन एकटाच हवा होता. योकोचें चित्र छापण्याची तेथें कोणास हौस नव्हती. लेननचा हट्ट असा कीं, छापाल तर दोघांना छापा, नाहीं तर राहूं द्या. बाईनें दोघांनाही विवस्त्र होण्यास सुचविलें. लेननला त्यांत विशेष वाटलें नाहीं. योको नाखूष दिसली. तेव्हां बाई म्हणाली, तूं आहेस तशीच राहा. म्हणजे ज्या गोष्टीवरून आमच्या घरांत एवढा गहजब झाला, ती गोष्ट, तो उघडा आणि ती वस्त्रांत, ही योजलेलीच नव्हती. एका स्त्रीच्या संकोचास दुसऱ्या स्त्रीनें मान दिला आणि चित्र तसें झालें. पहिला नमुना तत्काळ छापणाऱ्या यंत्रावर काढून पाहिला, आणि लेनननें पाहतांक्षणींच सांगितलें कीं, आमचें दोघांचें नातें यांत हुबेहूब उतरलें आहे; मुखपृष्ठावर हेंच येईल असें वचन दे. बाईनें तें दिलें.

ती दुपारची गोष्ट. सायंकाळीं पांचाच्या सुमारास तो ध्वनिमुद्रणास जाण्याकरितां खालीं उतरला, तेव्हां दाराशीं उभ्या असलेल्या एका माणसास त्यानें आपल्या तबकडीवर स्वाक्षरी दिली. रात्रीं पावणेअकराच्या पुढें नवराबायको परतलीं, तेव्हां तोच माणूस तेथेंच उभा होता. त्यानें पाठीमागून गोळ्या घातल्या. त्याचें नांव लिहीत नाहीं. प्रसिद्धीच्या हव्यासानें हत्या करणाऱ्याचें नांव जितकें कमी उच्चारलें जाईल तितकें बरें, असें माझें मत आहे. लेनन चाळीस वर्षांचा होता.

नियतकालिकानें वचन पाळलें. सहा आठवड्यांनीं अंक निघाला तो याच चित्रासह, आणि त्यावर शब्द घातला नाहीं. संपादकांच्या संयमाचें मला येथें फार कौतुक वाटलें. आपल्याकडे असा प्रसंग येता तर काळी चौकट, समईचें चित्र आणि ‘हा हन्त’ असा मथळा घातल्याशिवाय आम्ही राहिलों नसतों. २००५ सालीं अमेरिकेंतील मासिकांच्या संपादकांच्या संस्थेनें मागील चाळीस वर्षांतील उत्तम मुखपृष्ठें निवडलीं, त्यांत पहिला मान यास मिळाला.

एक गोष्ट विरुद्ध बाजूचीही सांगितली पाहिजे. या दोघांनीं १९६८ सालींही एका तबकडीवर आपलें छायाचित्र छापलें होतें, आणि त्यांत दोघेंही विवस्त्र उभीं होतीं. ती तबकडी तपकिरी कागदांत गुंडाळून विकावी लागली. तें चित्र नातीनें मला दाखविलें नाहीं, मीं तिच्या पुस्तकांत चुकून पाहिलें. आणि मला तें आवडलें नाहीं. तेथें दोघें जगास डिवचण्यासाठीं उभीं आहेत. येथें जगाकडे लक्षच नाहीं. नग्नता दोहोंकडे आहे; परंतु पहिलीस पाहणारा हवा आहे, दुसरीस तो नसला तरी चालेल. सिनेमाच्या भिंतीवरल्या ज्या चित्रांखालून आमच्या लेकीबाळी रोज शाळेस जातात, त्यांत पुरुष कोटबूट घालून उभा असतो आणि वस्त्रें कमी असतात तीं बाईचीं. त्यांविषयीं आमच्या घरांत कधीं सभा भरली नाहीं, हेंही मीं सौभाग्यवतींच्या नजरेस आणिलें. त्या म्हणाल्या, “तीं चित्रें माजघरांत नसतात.” हें उत्तर बिनतोड आहे.

वाचकांपैकीं ज्यांनीं भवभूति वाचला आहे त्यांस ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आठवला असेलच. लक्ष्मण रामसीतेस त्यांच्याच वनवासाचीं चित्रें दाखवितो. गेलेलें दुःख आतां चित्रांत पाहवतें, कारण दोघें एकत्र आहेत. चित्रें पाहून दमलेली सीता रामाच्या बाहूवर मस्तक ठेवून निजते, आणि ती निजलेली असतांनाच दुर्मुख ती वार्ता घेऊन येतो. हा अंक मीं किती वेळां शिकविला असेन! दरवर्षीं मुलांस सांगत आलों कीं, कवीनें चित्रदर्शन वियोगाच्या उंबरठ्यावर आणून ठेवलें यांत त्याचें कौशल्य आहे. न्यूयॉर्कच्या त्या दिवाणखान्यांत कोणी कवि नव्हता. दुपारीं चित्र आणि रात्रीं वियोग, हें घडलें तें आपोआप. आणि येथें निजल्यासारखा बिलगला आहे तो पुरुष, आधार आहे तो स्त्रीचा.

योकोनें पुढें काय केलें तेंही ऐकण्यासारखें आहे. १९८१ च्या जूनमध्यें तिनें एकटीनें तबकडी काढली, आणि तिच्या वेष्टणावर पतीचा तो वाटोळा चष्मा छापला, रक्ताचे डाग तसेच ठेवून. शेजारीं अर्धा भरलेला पाण्याचा पेला, मागें खिडकींतून दिसणारा बगीचा. फोटो तिनें स्वतः घेतला. तिला पुष्कळांनीं नांवें ठेविलीं. पहिल्या मुखपृष्ठावरील चष्मा तो हाच कीं नाहीं कोण जाणे. पण सोजिराच्या सोंगापासून त्या पेल्यापर्यंतचीं चौदा वर्षें मीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं तेव्हां रात्रीचे बारा वाजून गेले होते.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. त्याचें कारण न्यूयॉर्कांतलें नव्हतें.

१९९६ च्या वैशाखांत माझ्या चिरंजीवाची मुंज झाली. जेवणावळीपूर्वीं अंगणांत सर्व कुटुंबाचा फोटो काढावयाचा होता. मध्यभागीं दोन खुर्च्या दादांसाठीं व वहिनींसाठीं. वहिनी पहाटेपासून उपाशी, चुलीपुढें उभ्या. खुर्चींत बसल्या त्या डोळे मिटूनच. फोटो घेणारा “हं” म्हणणार तोंच दादा उठले, त्यांच्या मागें जाऊन उभे राहिले, दोन्ही हात खांद्यांवर ठेविले आणि वांकून कानांत कांहीं बोलले. वहिनी हंसल्या. तेवढ्यांत कळ दाबली गेली. पन्नास माणसांदेखत! मी त्या वेळीं एकोणचाळीस वर्षांचा, शाळेंत शिस्तीबद्दल प्रसिद्ध. मी ओरडलों, “दादा, असें नव्हे. नीट बसा. पुढल्या पिढ्या पाहतील हा फोटो.” दादा हंसले आणि मुकाट्यानें येऊन बसले, हात गुडघ्यांवर. दुसरा फोटो झाला. नमुने आले तेव्हां पहिल्यावर मीं तांबड्या शाईनें फुली मारली.

अकराव्या दिवशीं दादा गेले. सकाळीं फुलें काढावयास परसांत गेले ते तेथेंच बसले.

तेराव्यानंतर वहिनींनीं आमच्या सौभाग्यवतींकरवीं विचारलें, “तो पहिला फोटो मिळेल का?” मी दुकानीं गेलों. फुली होती म्हणून त्यानें तो नमुना आणि फीत दोन्ही टाकून दिलीं होतीं. त्याचा दोष नाहीं, फुली माझी होती. घरीं येऊन मीं सांगितलें, “वहिनी, तो फोटो हलला होता. कांहीं दिसत नव्हतें.” दुसरा, नीट बसलेला, आज माजघरांत आहे. त्यांत आमचे दादा फौजदारासमोर बसल्यासारखे दिसतात, आणि नातीस आजोबा ठाऊक आहेत ते तेवढेच.

नवव्या दिवशीं निकाल द्यावयाचा होता. दुपारीं सारीं माजघरांत जमलीं. नातीनें चौकट भिंतीस टेकून ठेविली होती. मी बोलावयास आरंभ करणार इतक्यांत वहिनी ओटीवरून उठून आल्या, चष्मा पुसून डोळ्यांस लावला आणि चित्रापुढें बसल्या. बराच वेळ पाहत होत्या. मग नातीस म्हणाल्या, “हा त्याच दिवशीं गेला म्हणालीस ना?”

“हो मोठ्या आजी. रात्रीं.”

“आणि हा फोटो तिला मिळाला?”

“मिळाला.”

वहिनी माझ्याकडे वळल्या. “भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हा कांहीं हललेला नाहीं.”

माजघरांत इतर कोणास त्यांतील अर्थ कळला नाहीं. मला खालीं बसावें लागलें. सर्वांदेखत मीं जें घडलें तें सांगितलें, तांबडी फुली आणि तें खोटें, दोन्ही. वहिनी ऐकत राहिल्या. रागावल्या नाहींत, आणि रागावल्या नाहींत हेंही म्हणाल्या नाहींत. थोड्या वेळानें नातीनेंच विचारलें कीं, आजोबा तुमच्या कानांत काय म्हणाले होते?

“उठूं नकोस, पंगतीचें मी पाहतों, म्हणाले. आणि गेलेच नाहींत. यांनीं बसविलें ना पुन्हां,” वहिनी म्हणाल्या, आणि हंसल्या.

चित्र माजघरांत लागलें नाहीं. सौभाग्यवतींचें म्हणणें राहिलें, आणि भजनी मंडळाचेंही. तें वहिनींच्या खोलींत, त्यांच्या पलंगासमोर लागलें आहे; खिळा मीं ठोकला.